राज्य आणि व्यापार : राजाराम कॉलेजपासून शिवाजी विद्यापीठापर्यंत

कोल्हापुरात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र यांची वाटणी झाली ती बऱ्याच उशिरा. त्याआधीची ऐंशी-एक वर्षे इथला अभ्यासक दोन्हींकडे एकाच नजरेने बघत होता. रुपयाचा भाव लंडनमध्ये कोण ठरवतो, जकात कोणाच्या सोयीने बसते, पिकवणारा एका देशात आणि भाव ठरवणारा दुसऱ्या देशात असे का होते, हे प्रश्न सत्तेचे की पैशाचे अशी विभागणी करायची कोणाला गरज वाटली नाही. या अभ्यासाला आज विद्यापीठांत आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्र म्हणतात. पाश्चात्त्य विद्यापीठांत तो वेगळा विषय म्हणून उभा राहिला १९७० नंतर. त्या साली सुसान स्ट्रेंज या ब्रिटिश विदुषीने एका लेखात स्पष्ट तक्रार मांडली होती की अर्थशास्त्रज्ञ आणि आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक एकमेकांचे काही वाचतच नाहीत. आपल्याकडे मात्र उलटे घडले. विषय आधी एकत्र होता, फारकत नंतर झाली.

संस्थेचा इतिहास म्हटला की इमारती, प्राचार्यांची यादी आणि निकालांची टक्केवारी येते. स्मरणिकेत त्याला जागा असावीच. या लेखात मात्र एकच धागा धरला आहे : राज्य आणि व्यापार यांचा एकत्र विचार करण्याची सवय राजाराम कॉलेजात कशी रुजली, तिथून ती विद्यापीठात किती आली आणि वाटेत किती सांडली.

कोल्हापूर संस्थानात इंग्रजी शाळा निघाली १८५१ मध्ये. त्याच सुमारास वडिलांच्या नोकरीमुळे कोल्हापुरात वाढणारा एक मुलगा इथे इंग्रजी शिकत होता. १८५६ मध्ये तो पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला गेला. तो म्हणजे महादेव गोविंद रानडे. कोल्हापूरने रानड्यांना अर्थशास्त्र शिकवले असा दावा कोणी करू नये. तो मान मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचा आणि त्याहून अधिक त्यांच्या स्वतःच्या वाचनाचा. पण पुढे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजात ‘भारतीय राजकीय अर्थशास्त्र’ या विषयावर त्यांनी जे व्याख्यान दिले, ते या लेखाच्या विषयाचे आपल्याकडचे पहिले भक्कम प्रकरण आहे. इंग्लंडमध्ये तयार झालेले अर्थशास्त्राचे नियम सगळ्या देशांना सरसकट लागू होतात, हेच रानड्यांना मान्य नव्हते. खुला व्यापार हे तत्त्व बलवान राष्ट्राच्या तोंडी शोभते. उद्योग नुकते उभे राहत असतील तिथे राज्याला हात द्यावाच लागतो, असे ते जर्मन अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश लिस्ट यांच्या विचाराच्या आधाराने सांगत होते. त्याआधी दोन वर्षे पुण्याच्या औद्योगिक परिषदेत त्यांनी डचांच्या जावामधील शेतीपद्धतीवर निबंध वाचला होता. एक वसाहत दुसऱ्या वसाहतीशी ताडून बघायची आणि त्यातून स्वतःच्या देशासाठी धोरण काढायचे ही रीत १८९० मध्ये पुण्यात बसून कोणी चालवत होता, याचे मला आजही नवल वाटते.

राजाराम कॉलेज सुरू झाले १८८० मध्ये. ज्यांचे नाव त्याला मिळाले ते राजाराम महाराज युरोपच्या प्रवासात असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी इटलीतल्या फ्लोरेन्स शहरी निवर्तले. कॉलेजच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत कागलच्या शाळेतून आलेला एक गरीब मुलगा होता, गोपाळ कृष्ण गोखले. थोरला भाऊ कागलात नोकरी करून त्याला पैसे पाठवी. राजाराम कॉलेजातून गोखले डेक्कन कॉलेजात आणि तिथून एल्फिन्स्टनमध्ये गेले व १८८४ मध्ये पदवीधर झाले. पुढे १८९७ मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनसमोर लंडनमध्ये त्यांची साक्ष झाली. साम्राज्याच्या फौजेचा खर्च, होम चार्जेस म्हणजे हिंदुस्थानच्या नावे इंग्लंडमध्ये होणारा खर्च, रेल्वेच्या कर्जावरचे व्याज, यांतले नेमके काय हिंदुस्थानच्या माथी मारले जाते हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्या आकड्यांच्या तयारीत शाळेत मुख्याध्यापकी करणाऱ्या गणेश व्यंकटेश जोशी यांचा मोठा वाटा होता. जोश्यांचे नाव आज फार थोड्यांना ठाऊक आहे. सरकारी अहवाल बारकाईने वाचणारा एक शाळामास्तर साम्राज्याच्या हिशेबात चूक दाखवू शकतो ही गोष्ट आमच्या प्रत्येक एम.ए.च्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवी.

यानंतरचा काळ राजर्षी शाहू महाराजांचा. त्यांनी व्यापाराला जागा दिली आणि शिक्षणाला माणसे दिली. १८९५ मध्ये शाहूपुरीची पेठ वसली आणि गुळाचा व्यापार तिथे एकवटला. १९०६ मध्ये कापडाची गिरणी निघाली. १९०१ पासून एकामागून एक बोर्डिंगे उघडत गेली आणि ज्यांच्या घरात कोणी पाटी धरली नव्हती ती मुले कॉलेजच्या वर्गात येऊन बसू लागली. या दुसऱ्या गोष्टीचा अभ्यासाच्या विषयावर झालेला परिणाम आपण पुरेसा ओळखलेला नाही. गुऱ्हाळावरून, मागावरून, चामड्याच्या कुंडावरून उठून आलेल्या मुलाला भाव म्हणजे काय हे वर्गात शिकवावे लागत नाही. आपल्या मालाचा भाव दुसरेच कोणी पाडते, हे तो घरून शिकून आलेला असतो. तो कोण, कसा आणि कोणत्या अधिकाराने पाडतो, एवढेच त्याला विद्यापीठाकडून हवे असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा कोल्हापूरशी असलेला संबंध आपण सामाजिक चळवळीच्या अंगानेच सांगतो, आणि ते बरोबरच आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी माणगावला अस्पृश्यांची परिषद झाली, महाराज स्वतः तिथे आले. पण तेव्हाचे डॉ. आंबेडकर कोण होते? ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि त्याच महिन्यात ती नोकरी सोडत होते. काही महिन्यांत ते अपुरे शिक्षण पुरे करायला लंडनला परतले. त्या शिक्षणासाठी त्यांना महाराजांची आर्थिक मदत झाली होती. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला, तोवर महाराज राहिले नव्हते. रुपया सोन्याशी थेट न बांधता पौंडाच्या आडून बांधण्याची जी व्यवस्था केन्ससारख्या अर्थतज्ज्ञाला पसंत होती, तिच्यावर डॉ. आंबेडकरांनी त्या ग्रंथात हल्ला चढवला. पुढे हिंदुस्थानच्या चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग कमिशनसमोर बोलताना त्यांनी आणखी खोलातला मुद्दा काढला. रुपयाचा भाव पडला की निर्यातदाराला फायदा होतो म्हणतात. हा फायदा येतो कुठून? महागाई वाढते, मजुरी तेवढी वाढत नाही, आणि मजुराच्या खिशातून निघालेला पैसा व्यापाऱ्याच्या खिशात जातो. विनिमय दराचा प्रश्न हा देशादेशांतला तसाच देशातल्या वर्गावर्गांतला असतो, हे इतक्या सरळपणे मांडलेले मी नंतरच्या पाठ्यपुस्तकांत क्वचित वाचले.

आता या इतिहासातल्या ज्या माणसावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे त्याच्याकडे येतो. १ जून १९१९ रोजी शाहू महाराजांनी राजाराम हायस्कूल आणि कॉलेज आर्य समाजाच्या हाती सोपवले. त्या वाटेने १९२२ मध्ये मूळचे मुलतानचे, गुरुकुल कांगडीत शिकवलेले डॉ. बाळकृष्ण प्राचार्य म्हणून कोल्हापुरात आले आणि १९४० मध्ये मृत्यू येईपर्यंत इथेच राहिले. मराठी ही त्यांची मायबोली नव्हती. त्यांनी लिहिलेल्या शिवचरित्राचे चार खंड कोल्हापुरात सर्वांना माहीत आहेत. पण त्याआधी, १९२४ मध्ये, त्यांचे दुसरे एक पुस्तक लंडनमध्ये छापले गेले होते : १६०१ ते १७५७ या काळातील हिंदुस्थान व इंग्लंड यांच्या व्यापारी संबंधांचा इतिहास. लंडन विद्यापीठात केलेल्या पीएच.डी.च्या कामातून ते उभे राहिले.

हे पुस्तक हातात घेतले की पहिल्यांदा नजरेत भरतात ते त्यातले तक्ते. कंपनीची जहाजे किती गेली, किती आली, सोनेचांदी किती गेली, कापड किती आले, नीळ, सोरा, मिरी यांचे काय झाले. ईस्ट इंडिया कंपनीची दप्तरे चाळून हे आकडे लावायचे काम कोणत्याही यंत्राच्या मदतीशिवाय झालेले आहे. आणि त्या आकड्यांमधून दीडशे वर्षांची एक गोष्ट उलगडत जाते. इंग्लंडकडे हिंदुस्थानला विकण्याजोगे फारसे काही नव्हते. कंपनी चांदी भरभरून आणत होती आणि सुती कापड घेऊन जात होती. ही चांदी मुळात स्पेनच्या अमेरिकेतल्या खाणींची. म्हणजे मेक्सिको-पेरूच्या खाणीत घाम गाळणाऱ्याची मेहनत सुरतेच्या आणि मच्छलीपट्टणच्या विणकरापर्यंत येऊन पोचत होती. मग इंग्लंडच्या लोकर आणि रेशीम विणणाऱ्यांनी ओरड केली आणि पार्लमेंटने १७०० आणि १७२१ मध्ये कायदे करून हिंदी छापील कापडाला आपला बाजार बंद केला. जो देश पुढे जगाला खुल्या व्यापाराचे धडे देणार होता त्याने आपला उद्योग उभा केला तो दरवाजा लावून घेऊन. रानड्यांनी जे तर्काने सांगितले होते त्याचा दप्तरी पुरावा बाळकृष्णांनी आणून ठेवला. त्यांच्यानंतर के. एन. चौधुरी यांच्यासारख्या इतिहासकारांनी याच दप्तरांवर आणखी मोठे काम केले, बाळकृष्णांचे काही आकडे आता जुने ठरले असतील. पण हा रस्ता ज्याने आधी चालून दाखवला तो कोल्हापूरच्या कॉलेजचा प्राचार्य होता, हे आपण विसरता कामा नये.

शिवचरित्रासाठीही त्यांनी तीच रीत वापरली. मराठी बखरींबरोबर इंग्रज आणि डच वखारींचे कागद त्यांनी मिळवले. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन रायगडावर होता तो नजराणा द्यायला तर होताच, पण कराराची कलमे घेऊनही आला होता. राजापूरच्या वखारीची भरपाई, नव्या वखारींची परवानगी, अडीच टक्के जकात, अशा मागण्या होत्या. दोन कलमांवर शिवाजी महाराजांनी दिलेली उत्तरे मुद्दाम वाचण्यासारखी आहेत. कंपनीची नाणी राज्यात चालावीत, या मागणीवर त्यांचे म्हणणे असे की कोणतेही नाणे चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात प्रजेचे नुकसान होईल ते नाणे घ्या अशी सक्ती आम्ही करणार नाही. आणि किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजाचा माल परत देण्याची मागणी त्यांनी कोकणच्या रिवाजाकडे बोट दाखवून नाकारली. त्याआधी १६७१ मध्ये कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना गेलेले पत्रही याच जातीचे. पोर्तुगिजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडते म्हणून व्यापारी तिकडे वळतात आणि आपली मिठागरे बसतात. तेव्हा बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्या पत्राचा आशय आहे. संरक्षक जकातीचा इतका नेमका हिशेब असलेला सतराव्या शतकातला मराठी कागद आपल्याकडे आहे आणि आपण तो बहुतेक वेळा भाषणात टाळ्या घेण्यासाठी वापरतो. त्यावर किमान एक सेमिनार व्हायला हवा : शेजारच्या परकी सत्तेच्या स्वस्त मालाला तोंड देताना लहान राज्याकडे कोणती हत्यारे असतात, आणि ती कधी उलटतात?

डॉ. बाळकृष्णांच्या काळात राजाराम कॉलेजचा स्टाफ म्हणजे एक छोटे विद्यापीठच होते. तत्त्वज्ञानाला ना. सी. फडके, प्राकृताला आ. ने. उपाध्ये, काही काळ माधव जूलियन. १९३३ मध्ये शहाजी लॉ कॉलेज निघाले त्यामागेही बाळकृष्णच. शिवाजी महाराजांच्या नावाने कोल्हापुरात विद्यापीठ व्हावे ही कल्पना त्यांनी मांडली, तेव्हा ती फारशी कोणी मनावर घेतली नसेल. पण त्याच वर्षांत कऱ्हाडकडचा एक विद्यार्थी या कॉलेजात इतिहास आणि राज्यशास्त्र घेऊन शिकत होता. १९३८ मध्ये तो बी.ए. झाला. यशवंतराव चव्हाण त्याचे नाव. ‘कृष्णाकाठ’मध्ये कोल्हापूरचे ते दिवस आले आहेत.

यशवंतरावांच्या पुढच्या आयुष्याकडे या विषयाच्या विद्यार्थ्याने वेगळ्या नजरेने बघावे असे मला वाटते. जून १९७० पासून ऑक्टोबर १९७४ पर्यंत ते देशाचे अर्थमंत्री होते. याच मुदतीत, ऑगस्ट १९७१ मध्ये, अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर उभी राहिलेली चलनव्यवस्था कोसळली. त्याच वर्षी बांगलादेशाचे युद्ध झाले. १९७३ च्या अखेरीस तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. त्यानंतर यशवंतराव परराष्ट्रमंत्री झाले. अर्थ आणि परराष्ट्र ही दोन्ही खाती पाठोपाठ, आणि तीही अशा वर्षांत, एकाच माणसाकडे आली. राजाराम कॉलेजच्या या विद्यार्थ्याच्या त्या सहा-सात वर्षांच्या कारभारावर कोल्हापुरात एखादा जाडजूड शोधप्रबंध व्हायला पाहिजे. साहित्यप्रेमी यशवंतराव, संसदपटू यशवंतराव, सहकाराचे पुरस्कर्ते यशवंतराव यांवर पुष्कळ लिहिले गेले; डॉलर आणि तेलाच्या वादळात उभा असलेला अर्थमंत्री मात्र बाजूलाच राहिला.

कोल्हापूर शहराचाच अभ्यास करण्याचे मोठे काम मात्र बाहेरून आलेल्या संस्थेने केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेला गोखल्यांचे नाव आहे आणि राज्यशास्त्र व अर्थशास्त्र हे दोन्ही शब्द तिच्या नावात १९३० पासून एकत्र नांदत आले आहेत. या संस्थेच्या ना. वि. सोवनी यांनी कोल्हापूर शहराची सामाजिक पाहणी केली. तिचे तीन खंड १९४८ ते १९५२ या वर्षांत निघाले. पहिला लोकसंख्येवर, दुसरा उद्योग, व्यापार आणि मजूर यांवर, तिसरा कुटुंबांच्या राहणीमानावर. सोवनींनीच १९४८ च्या सुमारास हिंदुस्थानच्या कच्च्या मालाचे जागतिक बाजारातले स्थान या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले होते. जगाचा बाजार आणि कोल्हापुरातली घरे ही दोन्ही कामे एकाच माणसाच्या टेबलावर होती.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि कॉलेज नव्याने निघालेल्या पुणे विद्यापीठाकडे गेले. मधल्या वर्षांविषयी फार लिहिण्यासारखे या धाग्यापुरते तरी नाही. १९५७ मध्ये कॉमर्स कॉलेज निघाले. देशभक्त रत्नाप्पा कुंभार यांचे नाव आज ते वागवते. घटना समितीत बसलेला आणि पंचगंगा साखर कारखाना उभारणारा हा माणूस स्वतःच राज्य आणि बाजार यांचा एकत्रित धडा होता.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचे उद्घाटन झाले. शिक्षणमंत्री बाळासाहेब देसाई यांनी त्यासाठी जिवाचे रान केले होते. बाळकृष्णांचे स्वप्न त्यांच्याच कॉलेजचा विद्यार्थी मुख्यमंत्री असताना पुरे झाले. उत्तरेत चीनचे युद्ध चालू होते. तीनच दिवसांनी यशवंतरावांनी दिल्लीत संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. विद्यापीठाला सुरुवातीला ३४ महाविद्यालये, सुमारे १४ हजार विद्यार्थी आणि पाच पदव्युत्तर विभाग होते. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार इतिहाससंशोधक. ताराबाईकालीन कागदपत्रांचे संपादन त्यांचे. सागरमाळाच्या उघड्या माळावर त्यांनी झाडे लावली, पाणी अडवले आणि कमवा व शिका योजनेतून गरीब घरच्या मुलांना शिकायची वाट करून दिली. शाहू महाराजांच्या बोर्डिंगांचा वारसा असा माळावर पोचला.

विद्यापीठ वाढले तसे विभाग वाढले, आणि विभाग वाढले तशा भिंती वाढल्या. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही. देशभरच्या अभ्यासक्रमांची तीच तऱ्हा होती. एम.ए. अर्थशास्त्राच्या पोराने आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या पेपरात रिकार्डोचा तुलनात्मक लाभ आणि हेक्शर-ओहलीनचे सिद्धान्त पाठ करायचे. त्यात गनबोट नाही, वसाहत नाही, करार मोडणारा बलदंड देश नाही. राज्यशास्त्राच्या पोराने आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात मॉर्गेंथाऊ वाचायचा. त्यात साखर नाही, कर्ज नाही, विनिमय दर नाही. दोघे एकाच मेसमध्ये जेवतात, एकाच एस.टी.ने गावी जातात, आणि सेट-नेटला वेगवेगळे गाईड घोकतात.

याचा अर्थ या दोन्ही विभागांत मोलाचे काम झाले नाही असा नव्हे. अर्थशास्त्रात डॉ. जे. एफ. पाटील यांनी शिकवले, संशोधनाला मार्गदर्शन केले आणि वर्तमानपत्रांतून सहकार, शेती आणि अर्थसंकल्प सामान्य वाचकाला समजेल अशा मराठीत आयुष्यभर मांडले. राज्यशास्त्रात डॉ. अशोक चौसाळकर यांनी प्राचीन भारतीय राजकीय विचारापासून आधुनिक महाराष्ट्रापर्यंत मराठीत जे लेखन केले त्याला तोड नाही. कौटिल्य वाचणाऱ्याला राज्य आणि कोष वेगळे करताच येत नाहीत, हे तिथे लक्षात येते. शोधप्रबंधांचे विषय पाहिले तर साखर कारखाने, पतसंस्था, सिंचन, इचलकरंजीचे यंत्रमाग, हुपरीची चांदी असा सारा मुलूख त्यांत येतो. कमी आहे ती एका गोष्टीची. हे बहुतेक अभ्यास तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या हद्दीवर थांबतात. माल मात्र हद्दीवर थांबत नाही.

उसाचेच बघा. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आणि त्यातली २००९ ची दुरुस्ती यांमुळे एफआरपी (उसाला सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर) आली. गाळप हंगाम तोंडावर आला की जयसिंगपूरला शेतकरी नेते राजू शेट्टी यांची ऊस परिषद होते, टनाचा आकडा जाहीर होतो, वाहने अडवली जातात, कारखानदारांशी बैठका होतात. उतारा किती, तोडणी-वाहतूक किती कापली, दोन हप्ते की एकरकमी, हे शिरोळ-हातकणंगल्यातला कोणताही शेतकरी तोंडपाठ सांगतो. आता त्याच एफआरपीचा दुसरा प्रवास ऐका. २०१९ मध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला या तीन देशांनी जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली की भारत ऊस उत्पादकाला मर्यादेबाहेर आधार देतो. मर्यादा आहे उत्पादनाच्या मूल्याच्या दहा टक्क्यांची. भारताचे म्हणणे साधे होते : एफआरपी सरकार देत नाही, कारखाना देतो, सरकारच्या तिजोरीतून पैसा जात नसेल तर त्याला सरकारी आधार कसा म्हणता? १४ डिसेंबर २०२१ च्या निवाड्यात ही बाजू मान्य झाली नाही. किंमत सरकारने ठरवली, एवढे पुरेसे आहे, असे निवाडा सांगतो. शिवाय शेती करारात आधार मोजायची रीत अशी की आजची ठरवलेली किंमत ताडायची ती १९८६ ते १९८८ या वर्षांच्या गोठवलेल्या जागतिक किमतीशी. मधल्या तीस-पस्तीस वर्षांची महागाई त्या फरकात ‘आधार’ म्हणून जमा होते. हे सूत्र कोणी लिहिले, तेव्हा टेबलाभोवती कोण होते, श्रीमंत देशांनी आपला आधार कोणत्या कोपऱ्यात सुखरूप ठेवला, हे प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत की राज्यशास्त्राचे? या निवाड्यावर भारताने अपील केले. पण ते ऐकणारे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासूनच बंद पडले होते, कारण अमेरिकेने त्यावरच्या नेमणुका अडवून धरल्या. म्हणजे जयसिंगपूरच्या मैदानातल्या टनाच्या आकड्याचा एक धागा जिनिव्हाच्या रिकाम्या खुर्च्यांना बांधलेला आहे. हा धागा सोडवून दाखवण्याचे काम कोल्हापूरच्या विद्यापीठाने नाही करायचे तर कोणी करायचे?

चपलेचेही असेच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. राज्यांचा सीमावाद एकीकडे आणि एका चपलेखाली दोन राज्ये दुसरीकडे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने तसल्याच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नाव घेतले नाही, तेव्हा ओरड झाली आणि कंपनीला मूळ कबूल करावे लागले. ओरड रास्त होती. पण ओरड थांबल्यावर उरणारे प्रश्न जास्त महत्त्वाचे आहेत. भारताचे मानांकन इटलीत किती चालते? कातडे कमावणाऱ्या आणि चप्पल शिवणाऱ्या घरापर्यंत त्या नावाच्या किमतीतले काय पोचते? गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळाले, त्याने गुऱ्हाळमालकाच्या पट्टीत फरक पडला का? यासाठी व्यापार संघटनेचा बौद्धिक संपदा करार वाचता आला पाहिजे आणि ढोर-चांभार वस्तीत बसून हिशेबही विचारता आला पाहिजे.

म्हणून दोन्ही विभागांपुढे माझी एक मागणी आहे. सोवनींच्या दुसऱ्या खंडाची, उद्योग, व्यापार आणि मजूर यांवरच्या खंडाची, फेरपाहणी आता दोघांनी मिळून करावी. अर्थशास्त्राचा एक विद्यार्थी आणि राज्यशास्त्राचा एक, अशा जोड्या शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, हुपरी, इचलकरंजी आणि सुभाषनगरच्या चप्पल कारागिरांकडे पाठवाव्यात. सोवनींनी विचारलेले प्रश्न पुन्हा विचारावेतच. शिवाय त्यांत आणखी घालावेत : फौंड्रीत जळणारा कोक कुठल्या देशातून येतो आणि त्यावरचे आयातशुल्क शेवटचे कधी बदलले, कास्टिंग परदेशी जात असेल तर बिल रुपयात फाडता की डॉलरमध्ये, आणि भाव बदलला तर नुकसान कोणाचे, चांदीचा भाव सकाळी मोबाइलवर बघता तो कुठल्या बाजाराचा, सुताचा भाव वाढला त्या आठवड्यात मागावरच्या कामगाराची मजुरी किती होती, आणि दिल्लीत निर्यातबंदी जाहीर झाली हे तुम्हाला कोणाकडून आणि किती दिवसांनी कळले.